जुन्या गाडीचा चेक इंजिन लाईट लागलाय? घरच्या घरी कोड कसा वाचायचा, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे कोणासाठी आहे ते आधी सांगतो. साधारण १९९८ ते २००९ या काळातल्या पेट्रोल गाड्या, म्हणजे जुनी होंडा सिटी, एस्टीम, झेन, वॅगन आर, एमपीएफआयवाली (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) ८००, असली गाडी ज्यांनी अजून जीव लावून सांभाळलीय आणि गॅरेजला नेली की "सेन्सर गेलाय" एवढंच ऐकून परत येतात, त्यांच्यासाठी. कोड, म्हणजे दोष दिसला की गाडीचा कॉम्प्युटर साठवून ठेवतो तो नंबर, वाचायला फार काही लागत नाही, वायरचा एक तुकडा आणि वही-पेन. पण वाचलेला कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव असं समजू नका, कारण याच गैरसमजापायी लोकांचे हजारो रुपये जातात.

माझ्या गाडीत कॉम्प्युटर आहे की नाही हे कसं कळणार?

कार्ब्युरेटरवाली गाडी असेल, चोक ओढून सकाळी चालू करावी लागत असेल, तर हा सगळा प्रकार तुमच्यासाठी नाही. मागे एमपीएफआय लिहिलेलं असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे गॅरेजवाले ज्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात तो, नक्की आहे. १९९९ साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीत युरो नॉर्म्स लवकर लागू करायला लावले आणि एप्रिल २०००पासून देशभर नवे नियम आले, त्याच सुमारास आपल्याकडे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. म्हणून एकाच मॉडेलची १९९८ची गाडी कार्ब्युरेटरवाली आणि २००१ची एमपीएफआय असं बऱ्याचदा दिसतं.

सोपी खूण म्हणजे चावी ऑन करा पण सेल्फ मारू नका. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा लाईट लागला पाहिजे. काही गाड्यांत तो दोनेक सेकंदांनी विझतो, काहींत इंजिन चालू झाल्यावर विझतो, दोन्ही बरोबर.

लाईट लागला की गाडी तिथेच उभी करायची का?

पिवळा लाईट लागलाय, गाडी नीट चालतेय, टेम्परेचरचा काटा जागेवर आहे, तर घरापर्यंत या. लाल ऑइलचा लाईट किंवा काटा वर चढला तर मात्र तिथल्या तिथे बंद, एक मिनिट पण चालवायची नाही. आणि गाडी मिसिंग करत असेल, म्हणजे एक सिलेंडर मारतच नसेल, तर रेटून चालवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो तापून आतून वितळतो. तो पार्ट सेन्सरपेक्षा कितीतरी महाग पडतो.

ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर मागवला, स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट पण आहे, तरी कनेक्ट होत नाही. स्कॅनर खराब आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर. सॉकेटचा आकार एक असला म्हणजे आतली भाषा एक असते असं नाही. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना ओबीडी टू, म्हणजे दोष सांगायची सगळ्या कंपन्यांना एकच ठरलेली पद्धत, सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून, आपल्याकडे मात्र ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१०मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३मध्ये आला. त्याआधी इथे विकलेल्या गाड्यांत कंपनीने आपल्या सोयीने सॉकेट लावलंय, त्यातून कंपनीचं स्वतःचं मशीन बोलायचं, बाकीच्यांशी बोलायची सक्ती कुणी केली नव्हती. सुझुकीच्या जुन्या गाड्यांत तर त्यांची स्वतःचीच लाईन होती, तुमच्या मोबाईल ॲपला ती कळत नाही.

टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये बघा. १६ नंबरच्या पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट, ४ आणि ५ला अर्थिंग, हे असतंच. त्याशिवाय ७ नंबरची पिन असेल तर के लाईन, ६ आणि १४ असतील तर कॅन, या ईसीएमशी बोलायच्या दोन वेगवेगळ्या भाषा, के लाईन जुनी आणि कॅन नवी. या तिन्ही जागा रिकाम्या असतील तर आपल्याकडच्या गाडीत असला स्कॅनर चालायची आशा सोडा. ७ नंबर आहे तरी चालेलच अशी खात्री नाही, पण प्रयत्न करायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, हे स्वस्तातले स्कॅनर बहुतेक नकली असतात. मूळ चिप कॅनडाच्या एका कंपनीची, तिने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नाही, तरी बाजारात सगळीकडे १.५ लिहिलेलंच मिळतं. काही नकली स्कॅनर नव्या कॅनवाल्या गाडीवर छान चालतात आणि जुन्या के लाईनवर गप्प बसतात. म्हणून आधी एखाद्या नव्या गाडीला लावून बघितलं आणि चाललं, याचा अर्थ तुमच्या जुन्या गाडीवर चालेल असा होत नाही.

मग स्कॅनरशिवाय कोड वाचायचा कसा? जुनी होंडा सिटी आहे.

या गाडीत ईसीएम स्वतःच मीटरमधला लाईट लुकलुकवून कोड सांगतो, फक्त त्याला विचारावं लागतं.

चावी बंद. पॅसेंजर साईडला ग्लोव्ह बॉक्सच्या खाली-मागे हात घालायचा, वायरिंगमध्ये दोन पिनचा एक छोटा कनेक्टर सापडतो जो कशालाच जोडलेला नसतो, नुसता लोंबत असतो किंवा क्लिपमध्ये अडकवलेला असतो. त्याच्या आसपास तीन पिनचा पण एक असतो, त्याला अजिबात हात लावायचा नाही. दोन पिनवाल्याच्या दोन्ही टोकांत पेपर क्लिप सरळ करून किंवा वायरचा तुकडा घालून ती टोकं एकमेकांना जोडायची. आता चावी ऑन, सेल्फ मारायचा नाही, आणि मीटरकडे बघत बसायचं.

लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि चार छोट्या म्हणजे १४. सहा छोट्या म्हणजे ६. एकापेक्षा जास्त कोड असतील तर एकामागून एक येतात आणि संपले की परत पहिल्यापासून. पहिल्या फेरीत लिहायच्या नादात हुकतं, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या होऊ द्या, मोबाईलवर व्हिडिओ काढला तर सगळ्यात बेस्ट. लुकलुक झालीच नाही तर कोड साठवलेला नाही.

झालं की चावी बंद करून मगच वायर काढा, आणि आठवणीने काढा, कारण इग्निशन टाइमिंग सेट करताना हीच जागा शॉर्ट करतात, वायर तशीच राहिली तर टाइमिंग एका जागी अडकून राहतं आणि गाडी पिकअप मारत नाही.

पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांच्यात वायर-पिन काही घालायचं नाही. त्या पिवळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून मोजायचं पण नाही.

एस्टीम, झेनमध्ये पण असंच का?

विचार तोच, पद्धत थोडी वेगळी. तिथे मॉनिटर कपलर नावाचा कनेक्टर असतो, त्यातलं डायग्नोसिस स्विचचं टर्मिनल आणि ग्राउंडचं टर्मिनल एकमेकांना जोडायचं. कोणतं टर्मिनल कुठे हे मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे तुमच्याच मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल शोधा, दुसऱ्या गाडीचा फोटो बघून वायर घालू नका, शेजारीच टाइमिंगचं टेस्ट टर्मिनल असतं.

लुकलुक वाचायची रीत पण वेगळी, इथेच लोक फसतात. सुझुकीत लांब-छोटं असं नसतं, सगळ्या लुकलुकी सारख्याच, आधी दहाचा आकडा, मग छोटा गॅप, मग एककाचा. एक, गॅप, दोन, म्हणजे १२. आणि १२ आला तर घाबरायचं नाही, सुझुकीत १२ म्हणजे सगळं ठीक आहे. होंडात मात्र १२ हा खरा कोड आहे, ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. म्हणून "१२ नंबर आलाय काय करू" असं विचारताना गाडी कोणती ते आधी सांगत चला.

कोणता नंबर कशाचा?

होंडात नेहमी भेटणारे: १ ऑक्सिजन सेन्सर, ३ आणि ५ मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा), ४, ८ आणि ९ हे डिस्ट्रिब्युटरमधले फिरण्याची जागा सांगणारे सेन्सर, ६ कूलंट टेम्परेचर, ७ थ्रॉटल पोझिशन, १० आत येणाऱ्या हवेचं टेम्परेचर, १४ आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह, १६ इंजेक्टर, १७ स्पीड सेन्सर, ४१ ऑक्सिजन सेन्सरचा हीटर, ४३ फ्युएल सिस्टिम. व्हीटेक (होंडाची ऑइल प्रेशरवर चालणारी व्हॉल्व्हची सिस्टिम) असेल तर २१ आणि २२ त्याचे, आणि २२ आला की आधी ऑइल लेव्हल बघा, ऑइल कमी किंवा घाण असलं की प्रेशर मिळत नाही.

सुझुकीत १३ ऑक्सिजन सेन्सर, १४-१५ कूलंट टेम्परेचर, २१-२२ थ्रॉटल, २४ स्पीड सेन्सर, ३१-३२ मॅप. एकाच सेन्सरला दोन नंबर का, तर एक सर्किट तुटलंय सांगतो आणि दुसरा शॉर्ट आहे सांगतो. ही माहिती खूप कामाची आहे, पुढच्या प्रश्नात बघा.

कूलंट सेन्सरचा कोड आलाय, नवीन सेन्सर घेऊन टाकू का?

थांबा. ईसीएमला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त वायरवरचं व्होल्टेज दिसतं. तो ५ व्होल्ट पाठवतो, सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि व्होल्टेज खाली येतं, त्यावरून ईसीएम टेम्परेचर ठरवतो. आता वायर तुटली, कनेक्टर निघाला, पिनला गंज चढला किंवा सेन्सर आतून तुटला, चारही वेळा व्होल्टेज ५ वरच राहणार, ईसीएमला वाटणार कूलंट उणे ४० डिग्रीला आहे, आणि कोड एकच येणार. चारातलं नेमकं काय झालंय ते तो नंबर सांगू शकत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं, आणि त्याला डिजिटल मल्टिमीटर पुरतो. टेस्ट लॅम्प ईसीएमच्या वायरींना लावू नका, तो जास्त करंट ओढतो.

इंजिन थंड असताना चावी बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढा. आधी नुसता डोळ्यांनी बघा, हिरवट थर आहे का, पिन मागे सरकलीय का, क्लिप तुटून कनेक्टर सैल बसलाय का. मग सेन्सरच्या दोन पिनवर ओहम मोजा, थंड इंजिनला, म्हणजे २०-२५ डिग्रीला, साधारण २ ते ३ किलोओहम मिळतात आणि गरम झाल्यावर ८० डिग्रीच्या आसपास तीनशे-साडेतीनशे ओहमपर्यंत येतं. नेमके आकडे मॅन्युअलमधून घ्या, पण गरम होताना रेझिस्टन्स उतरत गेला पाहिजे हे सगळीकडे सारखंच. त्यानंतर चावी ऑन करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर ५ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर वायरिंग शोधायची, सेन्सरला दोष नाही.

अजून एक चाचणी आहे जी मला फार आवडते. दोन वायरचा सेन्सर असेल तर गाडीच्या बाजूच्या कनेक्टरच्या दोन्ही पिन वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि कोड परत वाचायचा. सुझुकीत "तुटलंय"वाला नंबर जाऊन "शॉर्ट"वाला आला, तर ईसीएमपर्यंतची अख्खी वायरिंग चांगली आहे आणि सेन्सरच गेलाय, आता खुशाल नवीन घ्या. नंबर बदलला नाही तर मात्र नवीन सेन्सर लावून काहीही होणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे पण दुकानात जायच्या आधी करायचं. हे फक्त दोन वायरवाल्या टेम्परेचर सेन्सरवर करा, तीन वायरवाल्या मॅप किंवा थ्रॉटल सेन्सरवर असं शॉर्ट करायचं नाही.

आणि हो, हा कोड असताना बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा फॅन सारखा फिरत राहतो, ते मुद्दाम असतं, खरं टेम्परेचर कळत नाही म्हणून ईसीएम सेफ बाजूला राहतो. फॅनची वायर काढून ठेवू नका.

ऑक्सिजन सेन्सरचा कोड बदलून पण परत येतो.

कारण बऱ्याचदा सेन्सर खरं बोलत असतो. हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडलं तर तो तेच सांगणार. चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज इंजिन गरम असताना ०.१ ते ०.९च्या मध्ये सारखं वर-खाली होतं. ते खालीच अडकलं तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढतोय का, सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक आहे का, पेट्रोलचं प्रेशर कमी आहे का हे बघा. वर अडकलं तर इंजेक्टर गळतोय का, किंवा वरच्या प्रश्नातला कूलंट सेन्सर इंजिन थंड आहे असं खोटं सांगतोय का.

सीएनजी किट बसवल्यापासून लाईट लागतो.

मुंबई-पुण्यात हे घरोघरी आहे. गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद करावे लागतात, पण ईसीएमला वाटतं इंजेक्टरची वायर तुटली आणि तो कोड टाकतो. म्हणून किटमध्ये इम्युलेटर असतो जो ईसीएमला इंजेक्टर जागेवर असल्याचं भासवतो, जुन्या किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरसाठी पण तसाच असतो. इम्युलेटर खराब झाला, किंवा किटवाल्याने वायर नुसती पिळून टेप मारली आणि दोन पावसाळ्यांनी तो जोड गंजला, की कोड सुरू.

आधी कोड उडवून गाडी दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. लाईट आला नाही तर दोष किटच्या बाजूला, गाडीचे पार्ट बदलण्यात अर्थ नाही. पेट्रोलवर पण आला तर किटवाल्याने कापलेल्या वायरींपासून सुरुवात करा, सोल्डर करून श्रिंक ट्यूब घाला. हे काम कुणी नीट करून घेत नाही आणि मग वर्षभर त्रास काढतात, म्हणून किट बसवतानाच उभं राहून सोल्डर करून घ्या.

एकदम चार-पाच कोड आलेत, सगळेच सेन्सर गेले?

असं जवळपास कधीच होत नाही. मॅप, थ्रॉटल असल्या सेन्सरना ५ व्होल्टची लाईन कॉमन असते आणि अर्थिंग पण कॉमन, एका ठिकाणी शॉर्ट झालं की सगळे रडतात. चावी ऑन ठेवून एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जा आणि ५ व्होल्टच्या लाईनवर मीटर ठेवा, ज्याचा काढल्यावर ५ परत आले तोच दोषी. तसं नसेल तर इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी आणि बॅटरीची टोकं घासून घट्ट करा. होंडात ४, ८, ९ एकत्र आले तर डिस्ट्रिब्युटर किंवा त्याचा कनेक्टर, तिन्ही सेन्सर त्यातच बसतात.

उंदीर पण विसरू नका. गाडी गावाकडे महिनाभर उभी होती आणि आल्यावर पाच कोड, तर आधी बॉनेट उघडून वायरिंग चाचपा.

कोड काहीच नाही, पण गाडी त्रास देते.

या जुन्या ईसीएमला खूप गोष्टी कळतच नाहीत. प्लग, प्लगच्या केबल, पेट्रोल फिल्टर, पंपाचं प्रेशर, कॉम्प्रेशन, यातलं काहीही बिघडलं तरी लाईट लागेलच असं नाही. मिसिंग ओळखायची सोय या बहुतेक गाड्यांत नव्हतीच.

जुन्या होंडाचं एक ठरलेलं दुखणं सांगतो. दुपारी उन्हात उभी केली, दोन तासांनी आलात, सेल्फ जोरात फिरतो पण गाडी चालू होत नाही, संध्याकाळी गार झाली की पहिल्या सेल्फला चालू. कोड नाही. तेव्हा चावी ऑन करून कान द्या. मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद "ऊंऽऽ" आवाज यायला हवा. तो येत नसेल तर डॅशबोर्डखालचा मेन रिले उघडून बघा, आतल्या सोल्डरला बारीक गोल चीर पडते आणि उष्णतेने ती फाकते. टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही ते सोल्डर परत करून देतो. लोक यासाठी पंप बदलतात, तो आधी बदलू नका.

कोड उडवायचा कसा?

आधी लिहून घ्या, गाडीच्या किलोमीटरसकट. मग ईसीएमच्या बॅकअपचा फ्यूज दहा सेकंद काढा, नाहीतर बॅटरीची मायनस केबल थोडा वेळ काढून ठेवा. स्टिरिओला लॉकचा कोड असेल तर तो हाताशी असू द्या. नंतर थोडा वेळ आयडलिंग वर-खाली होईल, ईसीएम शिकलेलं सगळं विसरलेला असतो, गाडी एकदा पूर्ण गरम होऊ द्या.

गॅरेजला नेण्याआधी मात्र कोड उडवू नका. अधूनमधून येणारा दोष असेल तर तो कोड हाच एकमेव पुरावा असतो, उडवला की मेकॅनिकला पण अंदाजपंचेच करावं लागतं.

सेकंड हँड गाडी घेतोय, लाईट लागलेला नाही म्हणजे ठीक ना?

चावी ऑन केल्यावर तो एकदा लागतो का ते बघा. लागतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा त्यावर टेप मारलीय असं समजा आणि कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पी०१७१ असा नंबर आलाय, लुकलुकीपेक्षा वेगळा दिसतो.

म्हणजे तुमची गाडी नव्या पद्धतीची आहे, छान झालं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना कॉमन, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या यादीत बघायचा. त्याच्या पुढचा आकडा १ किंवा २ म्हणजे हवा आणि पेट्रोल, ३ इग्निशन, ४ प्रदूषणाच्या सिस्टिम, ५ स्पीड आणि आयडल. पी०१७१ म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, आणि यात कुठल्याच पार्टचं नाव नाही हे लक्षात घ्या.

लाईट लागलेला असताना पीयूसी, पासिंग होतं का?

पीयूसीवाला धूर मोजतो, लाईट बघत नाही. पण कोडमुळे गाडी जास्त पेट्रोल पीत असेल तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढतो आणि तिथे अडकता. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचं आरटीओत पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यूअल करायचं असेल तर आधी कोड वाचून दुरुस्ती करून घ्या, ॲव्हरेज पण सुधारतं.

मेकॅनिक म्हणतो ईसीएमच गेला, कुर्ल्यातून जुना आणू का?

ईसीएम जातो, पण यादीत तो सगळ्यात शेवटी. आधी त्याला येणारे १२ व्होल्ट आणि त्याची अर्थिंग तपासली का ते विचारा. काही गाड्यांत तो पॅसेंजरच्या पायाशी कार्पेटमागे असतो, पावसात पाणी आत आलं की तिथेच साचतं. मुंबईतली २००५च्या आधीची गाडी असेल तर २६ जुलैच्या पावसात ती कुठे होती हेही विचारून ठेवा. डबा उघडून बघा, बोर्डवर पांढरट-हिरवे डाग, कपॅसिटरखाली चिकट ओल असेल तर चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला बऱ्याचदा दुरुस्त करून देतो.

जुना आणायचाच झाला तर डब्यावरचा पार्ट नंबर अक्षरन्अक्षर जुळला पाहिजे, शेवटच्या अक्षरांसकट, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे वेगळे असतात, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी सोय) असेल तर चावीचा प्रश्न येतो. आणि दुकानदाराकडून गाडीला लावून, कोड वाचून, मगच पैसे द्यायचं ठरवून घ्या.